सरांच्या नळ्या

सरांसमोर हात मोकळे टाकून बसायची आमची छाती नव्हती. बोलता बोलता त्यांची नजर समोरच्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत चढायची आणि विषय कुठलाही चालू असो, ते मध्येच म्हणायचे, "काय शीर हाय तुमची! नशीब लागतं अशी शीर मिळायला." समोर बँकेचा मॅनेजर असो की भाजीवाली मावशी, त्यांना फरक पडत नसे. एका लग्नात ते नवरदेवाला आहेर द्यायला स्टेजवर चढले, त्याचा हात हातात घेतला आणि सोडायलाच तयार होईनात. मागे रांग खोळंबलेली. मुलीच्या बापाचा चेहरा पडला. त्याला वाटलं, जावयात काहीतरी खोट सापडली. सर खाली उतरून त्याच्या कानाशी म्हणाले, "फिकीर करू नका. पोराच्या शिरा लई झकास हायेत." बापाने हात जोडले. बिचारा दुसरं काय करणार?

बीडच्या एका फार्मसी कॉलेजात ते शिकवायचे, अजूनही शिकवतात. मी त्यांच्याकडे आधी विद्यार्थिनी आणि मग संशोधन सहायक म्हणून मिळून पाच वर्षं काढली. मांजरसुंब्याजवळच्या एका वाडीवरून मी एसटीने यायची. पहिल्या दिवशी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि खिशात पेनाच्या जागी इंजेक्शनची सिरिंज असा एक माणूस जिन्यात दिसला. मी शिपायाला विचारलं, सर कुठे भेटतील? तो म्हणाला, "हेच ते." त्याच्या आवाजात माझ्याबद्दल थोडी कणव होती, ती कशासाठी हे मला महिन्याभरात कळलं.

सर रक्तवाहिन्या करायचे. म्हणजे करायचा प्रयत्न करायचे. प्लॅस्टिकची खेळणी छापणारं एक जुनं यंत्र त्यांनी कुठून तरी मिळवलं होतं. त्याची मुंडी काढून तिथे सिरिंज बसवली होती. सिरिंजमध्ये समुद्री शेवाळापासून काढलेली पावडर आणि जिलेटिन यांचं दाट मिश्रण भरायचं. सुईतून त्याची बारीक धार निघायची, ती एका फिरत्या सळईवर गोल गोल बसत जायची आणि वरून कॅल्शियमचं पाणी सोडलं की घट्ट व्हायची. मग सळई अलगद ओढून काढायची. मागे राहायची एक मऊ, ओलसर, अर्धवट पारदर्शक नळी, करंगळीएवढ्या लांबीची. पुढे कधीतरी कुणीतरी मोठ्या प्रयोगशाळेत अशा नळीत माणसाच्या पेशी वाढवायच्या होत्या. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. आमचं काम एवढंच, की नळी मऊ राहिली पाहिजे आणि रक्ताचा दाब तिने सोसला पाहिजे. सांगायला सोपं आहे. सर सात वर्षं तेच करत होते.

यंत्राशी ते माणसासारखं बोलायचे. "चल बे, रुसू नको. काल चांगला चालत व्हतास." विद्यार्थ्यांना मात्र त्यांनी कधी 'अरे' म्हटलं नाही. मुलींना 'माय' आणि मुलांना 'बाबा'. आवाज चढवणं त्यांना जमतच नसे. राग आला की ते चष्मा काढून पुसत बसायचे, आणि चष्मा फार स्वच्छ दिसायला लागला की आम्ही समजून जायचो.

बाजारात त्यांच्या भावांचं वडिलोपार्जित किराणा दुकान आहे. तिथे कुणी विचारलं की तुमचे थोरले काय करतात, तर भाऊ सांगायचे, "नळ्या करतात." त्यावरून एक शेतकरी एकदा थेट कॉलेजात आला. त्याला ठिबकच्या नळ्या हव्या होत्या. दुसऱ्या कुणी त्याला दारातूनच परत पाठवला असता. सरांनी त्याला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि तासभर सगळं दाखवलं. त्या माणसाने डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि नीट ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "समदं ठीक हाय सर, पर दाब शेवटाला टिकतो का? आमच्याकडं पहिल्या झाडाला धो धो, अन् शेवटच्याला थेंब न्हाई."

सर उठून उभेच राहिले. आम्ही तोपर्यंत दाब फक्त नळीच्या सुरुवातीला मोजत होतो. त्या दिवसापासून रक्तदाबाच्या यंत्राची एक तबकडी सुरुवातीला आणि एक शेवटाला लागली. "एवढा प्रश्न मला पीएच.डी.च्या परीक्षकांनी इचारला न्हाई," असं ते पुढे कितीतरी दिवस भेटेल त्याला सांगत होते.

आपली नळी चांगली की वाईट हे ठरवायला शेजारी खरी रक्तवाहिनी लागते. ती मिळते खाटकाकडे. आता घर पक्कं शाकाहारी, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि हा गृहस्थ दर रविवारी सकाळी स्कूटर काढून मांजरसुंब्याला मटणाच्या दुकानासमोर उभा. बीडमध्ये ओळखीचं कुणी बघेल म्हणून इतक्या लांब जायचं, आणि मांजरसुंब्याच्या फाट्यावर तर अर्धा जिल्हा चहाला उतरतो! चार आठवड्यांत सगळ्या नात्यात बोभाटा झाला. धाकटे भाऊ घरी भांडायला आले. सर म्हणाले, "खायला न्हाई नेत बाबा, शिकायला नेतो." भावांचं समाधान झालं की नाही ठाऊक नाही, पण खाटीकचाचांची मात्र सरांवर माया बसली. बोकडाच्या मानेतली धमनी ते अखंड, व्यवस्थित काढून बाजूला ठेवायचे. "सर, आजचा माल बघा," म्हणायचे. सर ती दोन बोटांत धरून हळूच ताणायचे आणि सोडायचे. ती पुन्हा होती तेवढी व्हायची.

"बघ माय," ते मला म्हणायचे, "बोकडाला काई शिकवावं लागलं न्हाई. आपण सात वर्षं झाले शिकायलोत."

काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. त्याही सरांना 'सर'च म्हणायच्या. आधी मला वाटलं, चेष्टेने म्हणत असतील. लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांना बारावीचं रसायनशास्त्र सरांनीच शिकवलं, तेव्हापासूनची ती सवय. "पास झाले, पर सवय राहिली," त्या सांगायच्या. दवाखान्यातून घरी जाताना रिक्षा कॉलेजपाशी थांबवून त्या दहा मिनिटं प्रयोगशाळेत टेकायच्या. एकदा यंत्र सारखं अडत होतं. धार मध्येच तुटायची, नळीला भोकं पडायची. सरांनी तापमान बदललं, सुई बदलली, पावडर बदलली. काकू पंधरा मिनिटं बघत राहिल्या.

"सर, भरताना दाबून भरलं न्हाई तुमी."

"काय?"

"कुरडयाचा चीक सोऱ्यात भरताना दाबून भरावा लागतो. हवा राहिली की फट्फट करतंय अन् धार तुटती. तुमच्या आईनंच शिकवलं मला. तुमी बसले व्हते तिथंच, पेपर वाचत."

सरांनी सिरिंज काढून प्रकाशात धरली. मिश्रणात बारीक बारीक बुडबुडे होते. त्या दिवशीच्या वहीत त्यांच्या अक्षरात एक ओळ आहे: 'सौ. यांची सूचना: दाबून भरणे. लागू पडली.' ती वही मी स्वतः पाहिली आहे.

काकूंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मशीनला जोडण्यासाठी हातातली धमनी आणि शीर शिवून एक करतात, त्याला फिस्टुला म्हणतात. डाव्या हातातला चार वर्षं चालला आणि एक दिवस गुठळी होऊन बंद पडला. उजव्या हातातला सहा महिनेच टिकला. मग प्लॅस्टिकची नळी घातली, ती काही वर्षं चालली, पण शेवटी तिच्यात जंतू शिरले, ती काढावी लागली. आता मानेतून एक तात्पुरती नळी होती आणि तिला सारखा संसर्ग व्हायचा. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. मशीन आहे, औषध आहे, पण जोडायला शीर उरली नाही तर काय करणार?

सरांनी रक्तवाहिन्यांचं काम सुरू केलं ते काकूंचा डावा हात बंद पडल्याच्या पुढच्याच महिन्यात. कॉलेजात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. स्टाफरूममध्ये त्यांना हसायचे, आणि खरं सांगायचं तर पहिलं वर्षभर मीही हसले आहे. काकूंनी सांगितलं तेव्हा मला माझीच लाज वाटली. त्यानंतर लग्नातल्या त्या गोष्टीवर मी कधी हसले नाही, आता लिहिताना सोडून.

आता माझी गोष्ट सांगायला हवी. ती सांगितल्याशिवाय सर कळायचे नाहीत.

तयार नळ्या रक्तासारख्या खारट पाण्यात चार दिवस भिजवून मग दाबाला लावायच्या, ही सरांची पद्धत. ते पाणी शुद्ध हवं, म्हणून वाफ करून थंड केलेल्या पाण्यात मीठ मोजून घालायचं. वाफेचं पाणी करणारं यंत्र कोपऱ्यात होतं. त्याला थंड ठेवायला नळाचं पाणी सतत सोडावं लागायचं. एक लिटर शुद्ध पाणी मिळेपर्यंत दहा-बारा लिटर मोरीत जायचं. धडधडीत, डोळ्यांसमोर. शहरात नळाला दोन आठवड्यांनी पाणी, आमच्या वाडीवर टँकर, तोही आला तर. माझी आई हंडा घेऊन उभी असेल आणि मी इथे मोरीत पाणी वाहताना बघत बसायचं. सुरुवातीला मी ते वाया जाणारं पाणी बादल्यांत भरून फरशी पुसायला, झाडांना द्यायची. बादल्या भरून जायच्या, पाणी वाहतच राहायचं. एक दिवस मी यंत्र बंद केलं. मिश्रण करायला होतं तेवढं शुद्ध पाणी जपून ठेवलं, आणि नळ्या भिजवायचं मिठाचं पाणी कॉलेजच्या बोअरच्या पाण्यात केलं. दोनदा गाळून घेतलं. नुसतं भिजवायचं तर आहे, त्याला काय एवढं, असं वाटलं. वहीत मात्र सवयीने 'शुद्ध पाणी' असंच लिहीत राहिले.

आणि नळ्या टिकायला लागल्या! पहिल्या आठवड्यात एक, मग तीन, मग सगळ्याच. चार दिवस भिजूनही घट्ट. दाबाची तबकडी सुरुवातीला आणि शेवटाला सारखीच. सरांनी दुसऱ्यांदा मोजलं, तिसऱ्यांदा मोजलं. खुर्चीवर बसले आणि मला म्हणाले, "माय, मला जरा चिमटा काढ." मी काढला नाही, पण मनातून उड्या मारत होते. असे अडीच महिने गेले. सरांनी दुसऱ्या शहरातल्या एका नामांकित शल्यचिकित्सकांना कळवलं. ते म्हणाले, नळ्या पाठवा, आमच्या प्राण्यांच्या प्रयोगात घालून बघू. आणि कधी नव्हे ते सरांनी घरी सांगितलं. काकू मला फोनवर म्हणाल्या, "सर आज जेवताना शीळ वाजवायलेत. काय केलंस गं तू माझ्या नवऱ्याला?"

त्या डॉक्टरांनी नळ्या पाठवण्यासाठी दवाखान्यातल्या सलाईनच्या सीलबंद बाटल्या धाडल्या. मी त्यांत सहा नळ्या सोडल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळ्या फुगलेल्या, गिळगिळीत. एक उचलली तर हातात तुटली.

मला त्याच क्षणी कळलं. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम भरपूर, भांड्यांवर पांढरा थर बसतो तो त्याचाच. ज्या कॅल्शियमने नळी घट्ट होते, तेच मी तिला रोज पाजत होते. सलाईनमध्ये ते नसतंच, रक्तातही इतकं नसतं. खऱ्या शरीरात आमची एकही नळी टिकली नसती.

कळलं, आणि मी बोलले नाही. तीन दिवस बोलले नाही. सर पावडरच्या डब्याची तारीख बघत होते, तापमान बघत होते, स्वतःच्या वह्या पहिल्यापासून तपासत होते. त्याच तीन दिवसांत काकूंच्या मानेतल्या नळीला पुन्हा संसर्ग झाला. सर दवाखान्यातून येऊन पुन्हा वह्या उघडायचे. त्यांचा चष्मा एवढा स्वच्छ मी कधी पाहिला नव्हता. माझ्या आयुष्यात मी जे काही वाईट वागले असेन, त्यात ते तीन दिवस सगळ्यात वर आहेत.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सगळं एका दमात सांगितलं. यंत्र, मोरी, बोअर, वही. मला वाटलं, आता चष्मा निघेल. सर उठले, बोअरच्या नळाखाली चंचुपात्र धरलं, अर्धं भरलं आणि चक्क प्यायले. प्रयोगशाळेत काही तोंडात घालायचं नाही, हा नियम त्यांनीच भिंतीवर लावलेला.

"मचूळ हाय," ते म्हणाले. "जन्मभर हेच प्यालो बे मी. मला कावून सुचलं न्हाई?"

"सर, चूक माझी..."

"तू बस. गलती माझी हाय. एवढं पाणी मोरीत जातंय अन् बीडची पोर ते गुमान बघत बसंल, असं मी धरून चाललो. ते चुकलं माझं."

त्यांनी माझ्यासमोर त्या डॉक्टरांना फोन लावला. "आमच्या पद्धतीत दोष सापडला. नळ्या येणार न्हाईत. जिम्मेदारी माझी." माझं नावही घेतलं नाही. पुढे वर्षभराने त्याच चुकीवर, जड पाण्यात या नळ्या कशा फसवतात यावर, एक छोटासा शोधनिबंध छापून आला. त्यात मात्र माझं नाव त्यांनी पहिलं घातलं. मी नको म्हटलं तर म्हणाले, "शोध तुझाच हाय."

फोन ठेवल्यावर ते टेबलाची कड धरून उभे राहिले. मग म्हणाले, "माय, माझ्यासंगं घरी येती का? एकट्यानं सांगवंना मला."

दुपार होती. ताप उतरल्याने काकू आदल्या दिवशीच घरी आल्या होत्या. पडवीत बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. सर चपला न काढताच दारात थांबले.

"नळ्या फेल गेल्या," ते म्हणाले.

"कोणत्या? ह्या नव्या?"

"सगळ्या."

मग माझाच धीर सुटला. मी काकूंच्या पायाशी बसले आणि जे सरांना सांगितलं ते सगळं पुन्हा सांगितलं. तीन दिवस गप्प बसले तेही. काकू ऐकत होत्या, सोलायच्या थांबल्या नव्हत्या. सांगून झालं तशा त्या हसायला लागल्या. मानेवरची पट्टी दुखू नये म्हणून एका हाताने ती धरून हसत होत्या.

"पानी वाया जायलं म्हून व्हय? अगं मग तू तरी काय करशील? मी असते तर मी बी तेच केलं असतं."

ज्या बाईला किडन्या बंद म्हणून दिवसाचं पाणी मोजून मिळायचं, एकेक घोट तोंडात धरून ठेवावा लागायचा, ती हे म्हणत होती. मला रडू आवरेना. त्यांनी लसणाचा वास येणारा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि तसाच ठेवून सरांकडे बघितलं.

"सर, एक इचारते. वर्गात सांगतात तसं सांगा, मन राखू नका. माझ्यासाठी व्हईल का नळी?"

सर खाली जमिनीवर बसले. वर्गात ते कुठल्याही प्रश्नाला फिरवून उत्तर देत नसत.

"न्हाई," ते म्हणाले. "तुझ्यासाठी न्हाई व्हायची. मला पहिल्यापासून म्हाईत व्हतं. येळ पुरायचा न्हाई."

"मग सात वर्षं कुणासाठी करायलात?"

"तुझ्यासाठीच," सर म्हणाले. "पर कामाला येईल ती दुसऱ्या कुणाच्या तरी."

या सात वर्षांत किती रविवार, किती सकाळी काकूंनी एकटीने काढल्या असतील, ते सगळं त्यांना आठवलं असेल असं मला वाटलं. रागवायचा त्यांना हक्क होता. त्यांनी पुढे वाकून सरांच्या बाहीवर वाळलेला मिश्रणाचा एक डाग नखाने खरवडून काढला. मग सोललेला लसूण वाटीत गोळा केला आणि उठता उठता विचारलं, "उद्या कवा जायचं? भाकरी किती वाजता टाकू, तेवढं सांगा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे पुसले आणि म्हणाले, "सात वाजता, काकू. नवीन पाणी करून सात वाजता सुरू करू आम्ही."

"मग दोघांच्या बी टाकते," काकू म्हणाल्या.